समुपदेशक नेमाल, पण तो घडविणार कोण?

विशाखापट्टणम येथे प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील शिक्षणसंस्थांना काही मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा आणि त्याने मुलांच्या व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतल्याचे दाखविता यावे, असे त्यांतील एक सूत्र आहे. या वाक्याचा पूर्वार्ध सर्वांनी वाचला. उत्तरार्धाकडे मात्र संस्थाचालकांचे व शासनाचेही पुरेसे लक्ष गेलेले आम्हांस दिसत नाही.

नेमणूक करणे सोपे आहे. एखाद्या मायाळू शिक्षिकेस चार दिवसांच्या शिबिरास धाडावे आणि दारावर पाटी लावावी, की आदेशाचे पालन झाले! शिक्षकांच्या जिव्हाळ्याविषयी आम्हांस शंका नाही. आयुष्याची काही वर्षे आम्हीही त्याच पेशात काढली आहेत. परंतु वर्गात मुकाट बसणारे मूल शिक्षकाला गुणी वाटते, आणि जाणत्या उपचारकाला नेमकी त्याचीच काळजी वाटू लागते. मूल आपले दुःख शब्दांत मांडत नाही. ते पोटदुखीतून, उडालेल्या झोपेतून, एकाएकी घसरलेल्या गुणांतून बोलते. ही भाषा नुसत्या सद्भावनेने कळत नाही.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये १९४८ साली जॉन बोल्बी व एस्थर बिक यांनी बालमानसोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले. त्यात उमेदवाराने एखाद्या कुटुंबात आठवड्यातून एक तास, अशी दोन वर्षे, तान्ह्या बाळाला केवळ पाहावयाचे असे. सल्ला द्यावयाचा नाही, टिपणेही तेथे घ्यावयाची नाहीत. मागाहून आठवेल ते लिहून सहाध्यायांपुढे चर्चेस ठेवावयाचे. शिवाय उमेदवाराने स्वतःच्या मनाचेही विश्लेषण करून घ्यावयाचे, कारण पोरक्या मुलाचा राग ऐकताना आपलीच जुनी जखम उघडी पडली, तर उपचार कोण कोणावर करतो हेच कळेनासे होते. एवढे खर्चिक शिक्षण आपण जसेच्या तसे उचलावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष मुलांबरोबर काम केल्यावाचून कोणासही उपचारक म्हणू नये, हे तत्त्व उचलण्यास पैसा आड येत नाही.

आपल्याकडे या विषयाची वाटचाल अलीकडची नव्हे. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कने १९३७ सालीच मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र काढले होते. पुढे बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. एवढ्या मुलांना पुरतील इतके शिकलेले हात आपण तयार केले नाहीत.

अर्धवट शिक्षण किती घातक ठरते ते पाहा. एक मुलगी धीर करून सांगते की, घरातीलच एक माणूस तिला त्रास देतो. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन नवखा समुपदेशक तिला देऊन बसतो. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमान्वये ही माहिती पोलिसांस देणे त्याला भाग आहे. न दिल्यास शिक्षा आहे. वचन मोडते, आणि मुलीचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जातो. गुपिताची मर्यादा पहिल्याच भेटीत, मुलाला उमजेल अशा शब्दांत कशी सांगावी, हे शिकवावे लागते.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांना आरोग्यसेवेतील व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले, हे ठीकच झाले. आता 'प्रशिक्षण' म्हणजे मुलांबरोबर देखरेखीखाली किती तास काम आणि ती देखरेख कोणाची, हे राज्याच्या शिक्षण खात्याने स्पष्ट शब्दांत जाहीर करावे. विद्यापीठांनी बालरुग्णालयांशी जोडलेले दीर्घ अभ्यासक्रम काढावेत. आणि संस्थाचालकांनी, नेमलेल्या समुपदेशकास रिकाम्या तासांवर व परीक्षेच्या पहाऱ्यावर जुंपण्याची जी हौस असते, ती आवरावी.