नेटची किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, घरात कॉम्प्युटर दोन, पण नेटचा डोंगल एकच आणि तोही 'ह्यां'च्या नाहीतर मुलाच्या टेबलावर! आपला नंबर लागतो रात्री भांडी आवरल्यावर. खरं तर एका लॅन केबलने दोन्ही कॉम्प्युटर थेट जोडता येतात. पूर्वी त्याला खास क्रॉसओव्हर केबल लागायची, आता साधीही चालते. डोंगल असलेल्या कॉम्प्युटरवर विंडोजमध्ये नेट कनेक्शनच्या प्रॉपर्टीज उघडायच्या, 'शेअरिंग'वर टिक करायची. दुसऱ्याला पत्ता आपोआप मिळतो. झालं! अट एकच, पहिला कॉम्प्युटर चालू हवा. तो बंद, की दुसऱ्याचं नेटही बंद. म्हणूनच सांगते, डोंगल आपल्या कॉम्प्युटरला लावा. वाटून द्यायची सवय आपल्याला आहेच. फक्त या वेळी आपलं पान आधी वाढून घ्या!