लोहाधिक्याची उसनी चाचणी
उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत एचएफई जनुकातील सी२८२वाय हा दोष बराच आढळतो; तेथे आनुवंशिक लोहाधिक्य प्राथमिक दवाखान्यातच शोधण्याचा आग्रह समजण्याजोगा आहे. भारतात तो अत्यंत विरळ. तरीही तीच चाचणी येथे सरसकट करा म्हणणे, ही निव्वळ नक्कल होय. येथील सुमारे ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला या आजाराचा धोका २५ टक्के. अशा बालकाला जगवणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. एचबीए२ची तपासणी वेळीच झाली, तर हा धोका आधीच कळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी प्रथम तीच करावी.