पर्यावरणात एमेस्सी? म्हणजे झाडं लावायची का?

आमच्या घरात गेला महिनाभर एकच विषय गाजतोय. भाची बीएस्सी झाली आणि तिला पुढे पर्यावरणशास्त्र आणि व्यवस्थापन यात एमेस्सी करायचंय. ताईचं म्हणणं, त्यापेक्षा कॉम्प्युटरचं काहीतरी कर. भाऊजींचा एकच प्रश्न, "नोकरी कुठे लागणार?" आणि काकूंनी फोनवर विचारलं, "म्हणजे झाडं लावायची का गं?" :) प्रत्येकाला वेगळा फोन करण्यापेक्षा माझं मत इथेच लिहून टाकतो. तुम्ही सगळे वाचताच!

आधी नोकरीचं. नोकऱ्या आहेत. 1974 च्या पाणी कायद्यापासून कारखान्याला सांडपाणी सोडायचं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. म्हणजे नमुने घेणारा, तपासणारा आणि कागद तयार करणारा माणूस लागतोच. 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. घोडबंदर रोडवरचे टॉवर मोजा, म्हणजे किती कागद लागत असतील ते कळेल. डोंबिवलीत 2020 साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री स्वतः बघून गेले. तिथेही शेवटी कोणीतरी शिकलेल्यानेच सांगायचं असतं की हा रंग आला कुठून. तेव्हा भाऊजी, पोरगी उपाशी राहणार नाही. आयटीइतका पगार सुरुवातीला मिळणार नाही, हे मात्र खरं.

माझी काळजी वेगळी आहे. ती या नोकरीत नेमकं काय करणार?

मोठा प्रकल्प आला की पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल करावा लागतो. तो करते सल्लागार कंपनी आणि तिचे पैसे देतो प्रकल्पवालाच. आता ज्याचं मीठ खायचं त्याच्याविरुद्ध लिहायचं कसं? याचा कळस आपल्या कोकणातच झाला. 2007 च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीचा अहवाल आला, त्यात इथल्या पक्ष्यांचं वसतिस्थान म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगलं दिलेली होती. कोकणात! रशियातल्या एका खाणीच्या अहवालातले उतारे जसेच्या तसे उचलले होते. आंबा, काजू, ऐन, किंजळ यातलं एक झाड पाहिलेल्या माणसाच्या हातून तो कागद पुढे गेलाच नसता.

लोक म्हणतात हा बेइमानीचा प्रश्न आहे. आहेच. पण मला वाटतं तो शिक्षणाचाही आहे. जागा न बघता अहवाल लिहिता येतो, ही सवय कॉलेजातच लागते. पुस्तक कुठलं, उदाहरणं कुठली आणि परीक्षा कसली.. सगळंच कोणत्याही गावाला लागू पडणारं.

साधं उदाहरण घ्या. पाणी किती घाण आहे हे मोजायला बीओडी नावाची चाचणी करतात. पाण्यातली घाण खाताना जंतू किती प्राणवायू वापरतात ते मोजायचं. पाश्चात्त्य पुस्तकांत ही चाचणी 20 अंशाला 5 दिवस करतात. आपल्या भारतीय मानकात ती 27 अंशाला 3 दिवस आहे. कोणीतरी विचार केला की आपली हवा उष्ण आहे, इथे जंतू भराभर काम करतात. मला हे फार आवडतं. विज्ञान तेच, पण ते इथल्या हवेला विचारून केलेलं.

आम्ही खोपटकर. सिद्धेश्वर तलाव आमच्या घरचाच. शेवाळ माजलेल्या कुठल्याही तलावाचा नमुना दुपारी बाराला घ्या, प्राणवायू भरपूर दिसेल, कारण उन्हात शेवाळ तो तयार करत असतं. तोच नमुना पहाटे पाचला घ्या, आकडा खाली आलेला असतो, कारण रात्रभर सगळेच तो नुसता वापरत असतात. मासे मरायचे तर पहाटे मरतात. खाडीचंही तसंच, भरतीला एक आकडा आणि ओहोटीला दुसरा. म्हणजे एकही खोटा आकडा न लिहिता खोटा अहवाल करता येतो! वेळ तेवढी सोयीची निवडायची. हे ओळखायला तलावाच्या काठावर वर्षभर जावं लागतं, भर पावसात आणि पहाटेच्या थंडीतसुद्धा.

ठाण्यात याची परंपरा आहे बरं का. खाडीकाठी उभ्या असलेल्या बांदोडकर कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मंडळींनी ठाण्याच्या खाडीचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. याच खाडीत 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये तिला रामसरचा दर्जा मिळाला. पाटी लागली की फोटो काढायला सगळेच जातात, पण चिखलातल्या किड्यांची मोजदाद करणाऱ्यांना कोण विचारतं?

म्हणून भाचीला मी एवढंच सांगितलंय. कॉलेज निवडताना प्लेसमेंटचा तक्ता बघच, पण त्याआधी हे विचार, की दोन वर्षांत एकाच जागेवर किती वेळा नेणार? एक तलाव, एक नाला, एक टेकडी काहीही चालेल, पण बाराही महिने. "एकदा सहल असते" असं उत्तर आलं तर फॉर्म भरू नकोस.

आणि दुसरी अट, जे शिकशील ते मराठीत सांगता आलं पाहिजे. जनसुनावणी असते तेव्हा अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, कायदाच आहे तसा. पण तो सारांश समोरच्या कोळणीला कळेल असा लिहिणार कोण? चेंदणी कोळीवाड्यातल्या आजींना बीओडी समजावून सांगता आला की समजायचं, एमेस्सी झाली.

काकू, झाडं लावायची नाहीत. पण समोरचं झाड कुठलं आहे ते ओळखून खरं लिहायचं आणि कोणी दुसरं लिहायला सांगितलं तर सही करायची नाही. पंचवीस वर्षांच्या मुलीला पहिल्या नोकरीत हे जमेल का, ही भीती मला आहेच. पण ज्याने स्वतः पहाटे पाचला नमुना घेतलाय, त्याला दुपारचा आकडा गळी उतरवणं जरा कठीण जातं, इतपत माझा विश्वास आहे.

ताई, घेऊ दे तिला हे.

तुमच्यापैकी कोणी या क्षेत्रात असेल तर जरूर लिहा, भाची वाचणार आहे.