समजून घ्या : इंग्रजीचा शिक्षक व्हायचंय? सगळ्याची परीक्षा होते, बोलण्याची नाही

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की भातसा नदीच्या पुलाशी सापगाव लागतं. इथल्या एखाद्या मुलीने इंग्रजी घेऊन बीए केलं आणि नववी-दहावीला इंग्रजी शिकवायचं ठरवलं, तर तिला आणखी किती परीक्षा द्याव्या लागतील? आणि त्यातल्या किती परीक्षांत तिचं इंग्रजी कोणी ऐकेल?

पहिला टप्पा बीएडची सीईटी. 100 प्रश्न, 90 मिनिटं. त्यात बौद्धिक क्षमता 40, सामान्य ज्ञान 30 आणि शिक्षक अभियोग्यता 30. 'ईएलसीटी' नावाची 50 प्रश्नांची इंग्रजीची वेगळी चाचणी आहे, पण ती इंग्रजी माध्यमाच्या बीएड कॉलेजात जायचं असेल तर.

बीएडमध्ये काय शिकतात?

2015 पासून बीएड दोन वर्षांचं झालं. त्यात मिळून 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. पाठटाचण काढायचं, वर्गावर जायचं, मागच्या बाकावर मार्गदर्शक बसलेले. या सगळ्या प्रवासात तिचं इंग्रजी कान देऊन ऐकणारी हीच एक जागा. पण इथले गुण नोकरीच्या यादीत धरले जात नाहीत.

टीईटी लागते का?

नववी-दहावीसाठी नाही. टीईटीचा पेपर दोन सहावी ते आठवीसाठी आहे. तरीही तो द्याच. गावाकडच्या बहुतेक हायस्कुलांत आठवीचा आणि दहावीचा वर्ग एकाच शिक्षकाकडे असतो. शिवाय 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांनाच त्यातून सूट आहे.

या पेपरची गंमत बघा. 150 गुणांपैकी 60 गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी घेतली तर तिला 30. म्हणजे इंग्रजीच्या शिक्षिकेला इंग्रजीच्या दुप्पट गुणांचा इतिहास-भूगोल सोडवायचा.

मग निवड कशावर होते?

'टेट'वर, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीवर. 200 प्रश्न, दोन तास. 120 गुण अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. इंग्रजीचे प्रश्न असतात, पण गणिताच्या शिक्षकाला जे, तेच इंग्रजीच्या शिक्षकाला. या गुणांवर पवित्र पोर्टलवरून यादी लागते. खासगी संस्थांनी मुलाखतीसह भरतीचा पर्याय घेतला तरच उमेदवार कोणासमोर तरी उभा राहतो. आणि ही परीक्षा दरवर्षी होत नाही. आतापर्यंत झाली ती 2017, 2023 आणि 2025 मध्ये. पहिल्या दोन परीक्षांमधल्या काळात बीएड झालेल्यांची उमेदीची वर्षं वाट पाहण्यातच गेली.

हे शहापूर-मुरबाडला जास्त का लागतं?

शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, भागात आश्रमशाळा आहेत. कातकरी किंवा ठाकर घरातल्या मुलाला पुस्तकातली मराठीच आधी शिकावी लागते. इंग्रजी त्याच्यासाठी खरोखर तिसरी भाषा. घरी, दुकानात, एसटीत ती कानावर पडत नाही. ती ऐकायची एकच जागा, वर्ग. तिथे शिक्षकाने धडा वाचून मराठीत अर्थ सांगितला आणि उत्तरं फळ्यावर लिहून दिली, तर मूल दहावीपर्यंत इंग्रजी फक्त 'बघतं'. राज्याने 2000 मध्ये पहिलीपासून इंग्रजी आणली. तरीही दहा वर्षं हा विषय शिकलेली मुलं कॉलेजात पहिल्या बाकावर बसायला कचरतात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आमच्या वर्गात अशी बरीच होती. गणितात ती आमच्या पुढे होती.

त्यातही विसंगती अशी की दहावीच्या विद्यार्थ्याला इंग्रजीत 80 गुण लेखी आणि 20 गुण तोंडी असतात. जे आपण पंधरा वर्षांच्या पोराकडून मागतो, ते त्याच्या शिक्षकाच्या निवडीत मागत नाही.

तोंडी परीक्षा नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा मात्र उडवून लावता येणार नाही. मुलाखत म्हटलं की 'किती लागतील?' हा प्रश्न आपल्याकडे आधी येतो. पवित्र पोर्टल आणलं गेलं ते त्यासाठीच. पण मोबाइलच्या काळात याला उत्तर आहे. पाच-सात मिनिटांचा पाठ रेकॉर्ड करायचा, नाव झाकायचं आणि दुसऱ्या विभागातल्या दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे. फक्त भाषेच्या जागांसाठी, आणि उच्चाराला नव्हे तर मुलांना बोलतं करण्याला गुण. उच्चारावर गेलो तर सापगावची मुलगी पहिल्याच फेरीत बाद होईल आणि ठाण्याच्या कॉन्व्हेंटमधली पुढे जाईल. कातकरी मुलाची अडचण दोघींपैकी कोणाला लवकर कळेल, हे सांगायला नको.

हातात काय पडतं?

निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकसाठी मानधन महिना 8,000 रुपये होतं, ते जानेवारी 2023 पासून 18,000 झालं. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी, सुरुवात 38,600 मूळ वेतनापासून.

सध्या बारावीत असलेल्यांनी चार वर्षांच्या एकात्मिक बीएडचाही विचार करावा. पदवी आणि बीएड मिळून एक वर्ष वाचतं. बीए आधीच झालं असेल तर दोन वर्षांच्या बीएडचा रस्ता आहे. फॉर्म भरताना अध्यापन विषय नीट निवडा. पदवीला इंग्रजी मुख्य विषय नसेल, तर पोर्टलवर इंग्रजीच्या जागेला प्राधान्यक्रम देताना अडचण येऊ शकते, आणि ती बीएडला प्रवेश घेण्याआधीच तपासलेली बरी.