पासिंग कुणाचं झालं?



वैतरणा स्टेशनावर उतरून खाडीकडे चालत गेलं की खाजणातून गेलेली ११ हजार व्होल्टची लाइन दिसते. वारा खारा, माती खारी. लोखंडी खांब बुडाशी गंजून जातात. पावसाळ्याआधी तिथं एका ठेकेदाराची टोळी खांब बदलत होती. टोळीत माझा मामेभाऊ. मी डबा द्यायला गेलो आणि दुपारभर थांबलो.

क्रेन बसवलेला ट्रक होता. पासिंग, विमा, पीयूसी, सगळं अगदी टकाटक. ड्रायव्हरनं कागद काढून मला दाखवले. मग मी वर बघितलं. क्रेनच्या वायररोपच्या तारा दाढीच्या खुंटासारख्या बाहेर आलेल्या. हुकाची खिट्टी गायब, तिच्या जागी सुतळी. किती वजन उचलायचं तो आकडा रंगाखाली गडप. ट्रकचे पाय चिखलात टेकवायचे तर खाली जाड फळ्या पाहिजेत. फळ्या नव्हत्याच, एका पायाखाली दगड होता, दुसऱ्याखाली देव.

खांब उभा राहिला. शिडी दुसऱ्या साइटवर गेलेली, म्हणून त्याच हुकाला भाऊ लटकला. दोर तुटला नाही. दगड सरकला, ट्रक कलला, आणि भाऊ आठ-दहा फुटांवरून खाली आला. भरतीचा चिखल होता म्हणून वाचला. मनगट मोडलं. ठेकेदारानं त्या दिवशी त्याची अर्धी हजेरी लावली.

पुराणवाले सांगतात, मेल्यावर वैतरणी पार करायला गायीची शेपटी धरावी. आमच्या पोरांना जिवंतपणी सुतळी धरायला देतात!

आता पासिंग म्हणजे काय ते बघा. आरटीओ ब्रेक बघतो, दिवे, हॉर्न, टायर, धूर बघतो. आठ वर्षांहून जुनी धंद्याची गाडी असेल तर दरवर्षी बघतो. म्हणजे ट्रक रस्त्यावर धावायला लायक आहे एवढंच. त्याच्या पाठीवरची क्रेन माणसाच्या डोक्यावर खांब धरायला लायक आहे का, हा प्रश्न त्या कागदात येतच नाही. कारखाना कायद्यानं १९४८ सालीच ठरवलं होतं की उचलायची यंत्रं, साखळ्या, दोर वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून कसून तपासायचे. पण तो कायदा कारखान्याच्या भिंतीआतला. बोईसरच्या एमआयडीसीत शेडखाली टांगलेल्या क्रेनला तपासनीस, आणि खाजणातल्या क्रेनला कोण? तसं बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत दोराचंही लिहिलंय : व्यासाच्या आठपट लांबीत दहा टक्क्यांहून जास्त तारा तुटलेल्या दिसल्या तर तो दोर वापरायचा नाही. मोजायला पाच मिनिटं लागतात. पण मोजणार कोण?

हत्यारांचं तेच. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत हातमोजे, रबरी बूट, पट्टा, शिडी, अर्थिंगची साधनं, हेल्मेट, लाइन टेस्टर अशी नावानिशी यादी होती, आणि ती धड अवस्थेत ठेवा असंही. २०२३ ला नियम नव्यानं आले. टोळीत मात्र अर्थिंग रॉड एक, त्याचा क्लॅम्प मोडका. परमिट घेतलं, लाइन बंद झाली, की साहेबांचं काम संपलं. अरे, बंद लाइनसुद्धा मारते! कुणी चेंजओव्हर न करता जनरेटर चालू केला की करंट उलटा लाइनीत शिरतो. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंनी लाइन अर्थ करायची असते. एका मोडक्या रॉडनं दोन बाजू कशा होणार? अमेरिकेत रबरी हातमोजे दर सहा महिन्यांनी विजेच्या दाबाखाली तपासावे लागतात. इथं हातमोज्यावर तारखेचा शिक्का दाखवा, मी चहा पाजतो.

१९६९ साली देशातली पहिली अणुवीज याच पट्ट्यात, तारापूरला तयार झाली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं तारा लोळवल्या तेव्हा लोकांना चोवीस तासांत लाइट पाहिजे होती, आणि ती आणायला खांबावर माणसंच चढली. माझ्या भावाच्या टोळीत वर चढणारे वारली, कातकरी आणि आमच्या बौद्धवाड्यातले. तपासणीच्या वहीत सही करणारा त्यांच्यातला नाही. तो कधी वर गेला नाही, जाणारही नाही. गटारात उतरणारा आणि खांबावर चढणारा आमचाच कसा असतो, हे कुणी इस्कटून सांगेल काय?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, विजेचं धोरणही त्यांच्याच खात्यात. १९४३ च्या डिसेंबरात ते झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. दिल्लीत बसून अहवालावर सही करता आली असती की.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. वहीत पहिली सही वर चढणाऱ्याची. त्यानं दोर, पट्टा, हातमोजे बघून 'नाही' म्हटलं तर काम थांबेल आणि हजेरी पूर्ण लागेल. ठेका देणाऱ्या कचेरीनं हे ठेक्यातच लिहावं. 'माणसं मिळतात भरपूर' हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊला वैतरणा स्टेशनाबाहेर जमतोय. लाइनवर जाणाऱ्यांनी आपापले पट्टे आणि हातमोजे घेऊन यावं. हातमोजा मनगटाकडून गुंडाळत आणायचा, आत हवा कोंडायची आणि कानाला लावायचा. ज्याचा फुसफुसला तो बाजूला काढून ठेवू. सोमवारी ते सगळे घेऊन कचेरीत जाऊ.