पद्मासन जमलंच पाहिजे का? आधी मांडी तर नीट घालू द्या



जून महिना आला की आपल्या शाळांमध्ये पद्मासनाला अचानक मागणी येते. २१ जूनचा योग दिन, त्याचे फोटो, आणि फोटोत पहिल्या ओळीत पद्मासन घातलेली चार-पाच मुलं. ज्यांना जमतं ती पुढे, ज्यांना जमत नाही ती मागे किंवा फोटोच्या बाहेर. संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी हा दिवस जाहीर केला, २०१५ पासून आपण तो साजरा करतोय, आणि एवढ्या वर्षांत योग म्हणजे पद्मासन हे समीकरण मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

माझं मत सरळ सांगते. प्राथमिक शाळेत पद्मासन हे सक्तीचं नको, स्पर्धेचं नको आणि बक्षिसाचं तर मुळीच नको. मुलांना बसायला शिकवायचं असेल तर साधी मांडी शिकवा, म्हणजेच सुखासन. काही जण म्हणतील, मॅडम, मांडी घालायला काय शिकवायचं? त्यावरच हा लेख आहे.

आधी पद्मासनात नेमकं होतं काय ते बघू. उजवं पाऊल डाव्या मांडीवर, डावं पाऊल उजव्या मांडीवर, तळवे आकाशाकडे, टाचा ओटीपोटाजवळ, पाठ ताठ. वाचायला सोपं आहे. पण पाऊल असं वर यायला खरं तर फिरावं लागतं खुब्याच्या सांध्याला. खुबा म्हणजे उखळीचा सांधा, तो सगळीकडे फिरतो. गुडघा मुख्यतः बिजागरीचा सांधा, दारासारखा उघडतो आणि मिटतो. हे आपणच मुलांना शिकवतो, दाराची बिजागरी दाखवून शिकवतो! आता खुबा पुरेसा बाहेर वळला नाही आणि मुलाने हाताने पाऊल ओढून मांडीवर चढवलं, तर उरलेला पीळ जाणार कुठे? गुडघ्यात. तिथे दोन हाडांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात, आणि वाकलेल्या गुडघ्याला पीळ पडला की त्यांना इजा होऊ शकते. मांडीच्या आतल्या बाजूला थोडी ओढ लागणं वेगळं आणि गुडघ्यात कळ येणं वेगळं. कळ आली की लगेच पाय सोडायचा. हा फरक आपण किती जण मुलांना सांगतो?

खुब्याच्या हाडांची ठेवण प्रत्येकाची थोडी वेगळी असते. त्यामुळे वर्गातल्या एखाद्या मुलीला पद्मासन पहिल्याच दिवशी सहज जमतं आणि तिच्या शेजारच्या मुलाला चौथी संपेपर्यंत जमत नाही. यात तिची मेहनत नाही आणि त्याचा आळसही नाही. उंच मुलाचा हात फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत पोचतो म्हणून आपण त्याला बक्षीस देत नाही ना? मग इथे का देतो?

एकदा एका कार्यक्रमात मी तिसरीतला एक मुलगा पाहिला. पायावरून पाऊल घसरू नये म्हणून तो दोन्ही हातांनी ते दाबून धरत होता, आणि हात मात्र ज्ञानमुद्रेत ठेवायला सांगितलेलं. समोरून 'हसा, हसा' चाललेलं. तो हसला. फोटो छान आला असणार. मुलं आपल्यासाठी दुखणं लपवतात हो, आणि ही गोष्ट मला पद्मासनापेक्षा जास्त काळजीची वाटते. ज्या अभ्यासातून स्वतःच्या शरीराचं ऐकायला शिकायचं, त्यातच आपण ते न ऐकायला शिकवतोय.

आता परंपरेचं बघा, कारण 'आपली परंपरा आहे' हे वाक्य इथे हमखास येतं. पतंजलींच्या योगसूत्रांत आसन कसं असावं यावर जेमतेम तीन सूत्रं आहेत आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. बैठक स्थिर हवी आणि सुखाची हवी, एवढीच त्यांची मुख्य अट. पद्मासनाचं नाव येतं ते त्यावरच्या व्यासभाष्यात, आणि तिथेही इतर अनेक आसनांच्या सोबत. स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत चार आसनं मुख्य मानली आहेत, त्यांत पद्मासन आहे, पण श्रेष्ठ म्हटलंय ते सिद्धासनाला. आयुष मंत्रालयाचा कॉमन योगा प्रोटोकॉल काढून बघा, जो आपण २१ जूनला करतो. बसून करायच्या आसनांत भद्रासन, वज्रासन, वक्रासन आहेत. प्राणायाम आणि ध्यानासाठी कोणत्याही ध्यानाच्या बैठकीत बसा असं आहे. मग पद्मासनाचा हट्ट आला कुठून? मला वाटतं कॅलेंडरमधून, मूर्तींमधून आणि आता मोबाईलमधून. दिसायला सुंदर आहे ते, यात वादच नाही.

मूर्तींवरून आठवलं. वेरूळला सहल नेलीत तर १० नंबरच्या लेण्यात मुलांना थांबवा. तिथली बुद्धमूर्ती पद्मासनात नाही, पाय खाली सोडून बसलेली आहे, आपण खुर्चीवर बसतो तशी. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातल्या स्तूपावरही तसेच बसलेले बुद्ध आहेत. या बैठकीला प्रलंबपादासन म्हणतात. आणि जैन परंपरा सांगते की भगवान महावीरांना केवलज्ञान झालं ते गोदोहासनात, म्हणजे गाईची धार काढताना माणूस उकिडवा बसतो त्या बैठकीत! माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना फार मजा वाटली, कारण धार काढणारे आई-बाबा अर्ध्या वर्गाच्या घरी आहेत. वज्रासनासारखं बसणं नमाजातही असतं, हे वर्गातल्याच मुलांनी करून दाखवलं. बसण्याच्या किती तऱ्हा आहेत आपल्याकडे, आणि आपण एकाच तऱ्हेच्या मागे लागलोय.

हे सगळं पद्मासनाच्या विरोधात नाही बरं का. ज्यांना वेदनेशिवाय जमतं त्यांच्यासाठी ती फार भक्कम बैठक आहे. पायांची घट्ट घडी झाल्यामुळे खाली रुंद पाया मिळतो, कंबर पुढे ढळत नाही, पाठ ताठ ठेवायला वेगळं बळ लावावं लागत नाही. म्हणून तर साधक ती निवडत आले. पण ते तासन्तास ध्यानाला बसणारे मोठे लोक. आपल्या पहिलीच्या बाळाला परिपाठात दोन मिनिटं मौन बसायचंय.

आता साध्या मांडीकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. मांडी मोडत चालली आहे. पूर्वी मूल शाळेत यायचं तेच मांडी घालून. घरी जेवण खाली, पाहुणे खाली सतरंजीवर, भजन खाली, निवडणं-टिपणं खाली. आता घरात सोफा आला, जेवण पलंगावर टीव्हीसमोर, आणि शाळेत बेंच. बेंच आले की गावालाही अभिमान वाटतो, शाळा सुधारली म्हणतात. मी बेंचच्या विरोधात नाही, लिहिताना मुलांच्या पाठीला ते बरेच. पण मग दिवसभरात मूल खाली बसतं कधी? परिपाठाला आणि पोषण आहाराच्या पंगतीला. तेवढ्यातही बघा, पाच मिनिटांत कोणी पाय पसरतं, कोणी एका बाजूला कलतं, कोणी पाठीचा धनुष्यासारखा बाक काढून बसतं. आपण ओरडतो, 'नीट बस!' नीट म्हणजे कसं ते मात्र कोणीच दाखवलेलं नसतं.

वर आपली जुनी आज्ञा आहेच, हाताची घडी तोंडावर बोट. मांडी ही आपण शिस्तीला बांधून टाकली. गप्प करायचं असलं की मांडी, शिक्षा द्यायची असली की मांडी. मग ध्यानाच्या वेळी तीच मांडी मुलाला सुखाची कशी वाटेल?

मी वर्गात काय करते ते सांगते, फार काही विशेष नाही. मांडी घातल्यावर ज्याचे गुडघे कमरेच्या वर राहतात त्याची पाठ वाकणारच. त्याला कितीही 'ताठ बस' म्हटलं तरी तो क्षणभर ताठ होतो आणि पुन्हा खचतो. अशा मुलाच्या बुडाखाली बसकराची चौपदरी घडी द्यायची. बूड चार बोटं वर आलं की गुडघे आपोआप खाली जातात आणि पाठ न सांगता सरळ होते. करून बघा, स्वतःवरच आधी करून बघा. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी आसनांमध्ये घोंगडी, लाकडी ठोकळे, पट्टे असे आधार वापरायची पद्धत जगभर पोचवली. ज्यांच्या नावाने लोक कठीण आसनं ओळखतात त्यांनाच आधार घेण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपण आसनपट्टीची घडी द्यायला का लाजायचं?

दुसरं म्हणजे पाय बदलायला लावते. आज उजवा पाय पुढे तर उद्या डावा. प्रत्येकाची एक सवयीची बाजू असते, मुलांना ती शोधायला आवडते. पायाला मुंग्या आल्या तर विचारायचं नाही, सरळ पाय लांब करायचा, अशी आमच्या वर्गात मोकळीक आहे. शिरेवर दाब पडला की मुंग्या येतात, त्या सहन करण्यात कसला आलाय योग! आणि एक खेळ, हात न टेकता मांडीतून उभं राहायचं आणि तसंच परत बसायचं. पहिल्या आठवड्यात निम्मी पोरं धपकन पडतात आणि हसतात. महिन्याभरात जमायला लागतं.

हा खेळ घरी आजी-आजोबांना उगाच करायला लावू नका, पण त्याचं महत्त्व मोठ्यांनाही आहे. ब्राझीलमध्ये डॉ. क्लाउडिओ गिल आराउजो आणि सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं आणि पुढे काही वर्षं त्यांची नोंद ठेवली. हातांचा, गुडघ्यांचा आधार जास्त घ्यावा लागणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. खाली बसल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. पायांतली ताकद, लवचिकपणा, तोल हे सगळं त्या एका उठण्यात दिसतं, एवढाच अर्थ.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टमध्ये मांडी घालून बसलेली मुलगी सगळा वेळ स्कर्ट खाली ओढत असते. तिचं लक्ष श्वासावर कसं राहील? आपण म्हणतो मुली मांडीत नीट बसत नाहीत. योगाच्या तासाला सलवार किंवा ट्रॅक पँट चालेल, एवढं मुख्याध्यापकांनी सांगितलं तर अर्धा प्रश्न सुटतो. आणि ज्या मुलाला खाली बसताच येत नाही, त्याला बाजूला 'बघत बस' म्हणू नका. खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून, पाठ सरळ ठेवून तो सगळा प्राणायाम करू शकतो.

पालकांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. दिवसातलं एक जेवण खाली बसून, सगळ्यांनी मिळून. पाट असेल तर पाट, नाहीतर चादरीची घडी. मुलाला वेगळं काही शिकवावं लागत नाही, तुम्ही बसलात की ते बसतं. तुमचा गुडघा दुखत असेल तर तुम्ही खुर्चीवर बसा, त्यात काही बिघडत नाही.

यंदाच्या योग दिनाचा आमच्या वर्गाचा फोटो असा होता. दोघी पद्मासनात, कारण त्यांना सहज येतं. बाकी सगळे मांडीत, सहा-सात जण घड्यांवर, एक भिंतीला टेकून, एक खुर्चीवर, आणि एकाने नेमका त्याच क्षणी मुंग्या आल्या म्हणून पाय लांब केलेला. तसाच अपलोड केला. वरून अजून तरी काही विचारणा आलेली नाही.