प्रवाह किती, यापेक्षा प्रवाह कसा

समुद्री शोभिवंत मत्स्यसंवर्धन हा किनारपट्टीवरील पूरक व्यवसाय म्हणून पुढे येत आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. मात्र ग्राहकाच्या घरच्या टाकीत मासा तगला, तरच संवर्धकाची मागणी टिकते. या टाकीविषयी सल्ला देताना क्षारता, तापमान व गाळणी यांवर भर दिला जातो. प्रवाहाबाबत मात्र ‘मोठा पंप बसवा’ एवढ्यावरच भागवले जाते. हा सल्ला अपुरा आहे.

निसर्गातील प्रवाळभित्तीवर लाटांमुळे पाणी सतत दिशा बदलते. एका जागी स्थिर असलेल्या प्रवाळांना प्राणवायू व अन्न हेच पाणी पुरवते आणि त्यांच्यावरील गाळ व श्लेष्मा वाहून नेते. टाकीत एकाच दिशेचा जोरदार झोत सोडल्यास समोरच्या नाजूक ऊतींना इजा होते, तर खडकांमागील संथ पाण्यात विष्ठा व उरलेले खाद्य साचून कुजते. शेतात पाणी भरपूर सोडले, तरी ते सर्व वाफ्यांत पोहोचले नाही तर पीक एकसारखे येत नाही. तसेच हे आहे.

भारतात भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित आहेत. त्यामुळे कृत्रिम प्रवाळ व खडकांची मांडणी हाच योग्य मार्ग होय. तेथेही कोपऱ्यांत साचणाऱ्या घाणीचा प्रश्न तोच राहतो.

समजा, 200 लिटरच्या टाकीत ताशी 10 पट, म्हणजे 2,000 लिटर प्रवाह हवा आहे. त्यासाठी एकाच पंपाऐवजी ताशी 1,000 लिटरचे दोन पंप समोरासमोर बसवून त्यांचे झोत परस्परांवर वा काचेवर आदळू द्यावेत. एका झोताचा रोख पृष्ठभागाकडे ठेवल्यास प्राणवायू चांगला मिसळतो. पंप टायमरने आळीपाळीने चालवल्यास एका वेळी निम्माच प्रवाह मिळतो, हे हिशेबात धरावे. समुद्रघोड्यांसारख्या मंद पोहणाऱ्या माशांना मात्र सौम्य प्रवाहच मानवतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात खाद्याचे चार कण टाकून ते कोठे थांबतात, हे दाखवावे. पंपाच्या खोक्यावरील आकड्यापेक्षा ही साधी परीक्षा शेतकऱ्यास अधिक शिकवील.